मिरानने बंद केलेला नंबर

युनगोकच्या बाजारात कुणाच्या फोनवर संशयास्पद मेसेज आला, की तो माणूस फोन हातभर लांब धरून, चिमट्यातला निखारा न्यावा तसा, थाक मिरानच्या दुकानाकडे चालू लागतो. दुकान म्हणजे काय, तर सुकी मासळी विकणारी बाई आणि तिळाचं तेल काढणारा घाणा यांच्यामध्ये सापडलेली एक चिंचोळी खोली. तिथून दुरुस्त होऊन आलेल्या फोनला आठवडाभर तिळाचा वास येतो. आमच्याकडे लोक त्या वासावरून ओळखतात की फोन आता सुरक्षित आहे.

मिरान छप्पन्न वर्षांची, बुटकी. चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. गिऱ्हाईक दारात दिसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

"काय दाबलंत?"

"काही नाही गं, आपोआपच..."

"आपोआप पाऊस पडतो, मावशी. फोनमध्ये आपोआप काही होत नाही. कुठलं बोट ते दाखवा."

आणि ऐंशी वर्षांची बाई निमूटपणे बोट पुढे करते. बोलणं असं असलं, तरी हात मात्र एखाद्या सुईणीचे. आधी सिम काढायचं, वायफाय तोडायचं, फोनचा बाहेरच्या जगाशी संबंधच ठेवायचा नाही. मग एकेक अ‍ॅप उघडून चौकशी: हे कुणी घातलं, कधी घातलं, याला तुमचे मेसेज वाचायची परवानगी कुणी दिली? चोराचं अ‍ॅप बहुधा पार्सलवाल्याचं नाहीतर दवाखान्याचं सोंग घेऊन बसलेलं असतं. ते सापडलं की मिरानच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते पूर्वी अंगणात उवा मारत बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

फोन साफ होईपर्यंत त्यावरून बँकेला कळवू द्यायचं नाही, हा तिचा कडक कायदा. काही अ‍ॅप इतकी बिलंदर असतात की तुम्ही नंबर लावता पोलिसांचा आणि उचलतो चोर. म्हणून दुकानाच्या भिंतीवर तिने वायरचा जुना फोन ठेवलाय. त्यातच आमच्या लोकांना एक भारी खोड. ओळखपत्र हरवेल म्हणून त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा, शेजारी पासबुकाचा, आणि त्याच्याशेजारी कागदावर लिहिलेल्या पासवर्डचा. मिरान ते फोटो पुसता पुसता म्हणते, "घराची किल्ली दिलीत, कपाटाची दिलीत. आता चोर दमून येईल, त्याच्यासाठी दोन घास भातही काढून ठेवा."

हे सगळं ती कुठे शिकली? ग्वांगजूतल्या एका मोठ्या दुकानात तिने अठरा वर्षं फोन विकले. म्हाताऱ्यांच्या गळ्यात महागडे फोन मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे ती स्वतःच सांगते. "कमरेत वाकले, हसले, दार उघडून दिलं. पण घरी गेल्यावर त्या माणसानं काय सांभाळायचं, ते एकालाही सांगितलं नाही. सुरी विकली आणि मूठ कुठली ते सांगितलं नाही." नवरा वारल्यावर ती गावी परत आली, तेव्हा तिनेच विकलेले कितीतरी फोन तिला इथे भेटले. ते पाहून तिला स्वतःची लाज वाटली. लाज पुष्कळांना वाटते, पण दुकान टाकून ती रोज थोडी थोडी फेडणारी माणसं थोडी.

तरी तिला खरी ओळख मिळाली ती तीन वर्षांपूर्वी, शेजारच्या गावच्या गावप्रमुखामुळे. कुक देसिक त्याचं नाव. माणूस हुशार, पण एका लग्नाच्या आमंत्रणावर त्याने बोट ठेवलं आणि फोनमध्ये चोर शिरला. चोराने काय करावं? देसिकच्या फोनमधल्या चारशे माणसांना देसिकच्याच नंबरावरून कळवलं, "माझे वडील वारले. पत्ता खालच्या निळ्या ओळीत." दुपारपर्यंत देसिकच्या अंगणात काळ्या कपड्यांतली माणसं जमली. देसिकचे एक्क्याण्णव वर्षांचे वडील तिथेच वाळवणासाठी तेंदूफळं सोलत बसले होते.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, काका."

"अस्सं? मग आलाच आहात तर चाकू घ्या. अजून दोन टोपल्या राहिल्यात."

लोक हसले, पण तोवर एकतीस जणांनी ती निळी ओळ दाबलेली होती. दाबणारच. मयताची बातमी आली आणि उघडून पाहिली नाही, अशा माणसाला आमच्याकडे माणसांत धरत नाहीत. लग्न चुकलं तर चालतं, मयत चुकता कामा नये. चोरांना हे आमच्या पोरांपेक्षा चांगलं ठाऊक. म्हणून तर ते दाराशी मयताचा निरोप घेऊन येतात. मिरानने आठ दिवस दुसरं काम न घेता एकतीस फोन धुऊन काढले, आणि किती द्यायचे असं कुणी विचारलं तर अंगावर ओरडली.

तेव्हापासून बाजार नसलेल्या दिवशी ती आपली जुनी व्हॅन घेऊन गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या चावडीत जाते. खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून सगळे बसलेले, मध्ये पत्त्यांचा डाव, आणि मिरान मास्तरणीसारखी उभी. आठवड्यात आलेले खोटे मेसेज ती वाचून दाखवते. प्रत्येक खोट्या मेसेजचा ती पुसण्याआधी आपल्या फोनने फोटो काढून ठेवते, तो याचसाठी. आणि शेवटी तिचा नियम सगळ्यांकडून म्हणून घेते: "मयताचा निरोप, अनोळखी नंबर, निळी ओळ. हात लावायचा नाही. मिरानला दाखवायचं. मिरान पुसेल, नंबर बंद करेल, विषय संपला." तीन वर्षांत तिच्या अकरा गावांत एकाही फोनमध्ये चोर शिरला नाही. जिल्ह्याच्या कचेरीलाही हे जमलेलं नव्हतं.

अशा बाईकडून चूक झाली ती गेल्या शरदात.

बाजाराचा दिवस होता. कोबीचा हंगाम, सगळ्या गावांना हिवाळ्याचं कोबीचं लोणचं, म्हणजे किमची घालायची घाई, त्यामुळे गर्दी दुप्पट. त्या सकाळी मिरानने अकरा खोटे मेसेज पुसले होते. बारावा फोन घेऊन मा होंगदल आला. वय एक्क्याऐंशी, देसिकच्याच गावचा, एकटा राहतो, वाचताना अक्षर अक्षर जुळवावं लागतं.

"मिरान, इल्होच्या घरचा वाटतो गं. कुणी गेलं असं लिहिलंय."

पे इल्हो हा त्याचा जन्माचा दोस्त. एका गल्लीत वाढले, एकाच तुकडीत सैन्यात गेले. होंगदलला तेव्हा लिहिता येत नव्हतं. ठरलेल्या मुलीला त्याची पत्रं इल्हो लिहायचा आणि तिची उत्तरं इल्होच वाचून दाखवायचा. होंगदलची बायको पुढे आयुष्यभर म्हणायची, की मी एकाच्या अक्षरावर भाळले आणि दुसऱ्याच्या घरी नांदले. इल्हो तरुणपणीच उल्सानला जहाजांच्या कारखान्यात गेला, आणि हल्ली तिकडेच दवाखान्यात पडून होता.

मिरानने फोन घेतला. अनोळखी नंबर, मयताचा निरोप, निळी ओळ. फोटो काढला, मेसेज पुसला, नंबर बंद केला. दहा सेकंद लागले असतील.

"चोर घरचाच होऊन येतो, काका."

"म्हणजे इल्हो आहे?"

"आहे, आहे. ठणठणीत आहे. पुढचे कोण?"

होंगदलचा जीव भांड्यात पडला. बाजारात त्याने तांदळाच्या दारूचा एक वाडगा घेतला आणि भेटेल त्याला सांगितलं की चोरांनी माझ्या इल्होला मारायला घेतला होता, पण मिरानने वाचवला. मग ही गंमत इल्होला सांगायला त्याने त्याचा फोन लावला. लागला नाही. झोपला असेल, म्हणून त्याने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मिरान दुकानात बसून चावडीत वाचून दाखवायचे मेसेज निवडत होती. बाराव्या फोटोवर तिचा हात थांबला. त्यात लिहिलं होतं: पे इल्हो, वय एक्क्याऐंशी. उल्सानचं अंत्यविधीगृह, हॉल क्रमांक तीन. शवपेटी बंद करणं उद्या दुपारी दोन वाजता. परवा सकाळी अंत्ययात्रा. खाली मुलाचं नाव, पे मानसू. मेसेज कालचा, म्हणजे ते दोन आजचेच.

चोर हजारो लोकांना एकच मेसेज पाठवतात, त्यामुळे मेलेल्याचं नाव ते कधी लिहीत नाहीत. नुसतं "वडील" लिहितात, ज्याचे त्याने समजून घ्यावेत. हे तिनेच चावडीत शंभर वेळा सांगितलेलं. आणि तिनेच, दुसऱ्यांना "वाचा, वाचा" म्हणून ओरडणाऱ्या मिरानने, वाचलं नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण जाळणारा हात आपला असला की ती म्हण फार वाईट ऐकू येते.

तिने उल्सानच्या त्या अंत्यविधीगृहाचा नंबर वेगळा शोधून काढला आणि भिंतीवरच्या फोनवरून लावला. त्यांनी मानसूला बोलावलं.

"हो, खरं आहे," तो म्हणाला. आवाज पार थकलेला. "होंगदल काकांना मी काल चार वेळा फोन केला. लागतच नाही. बाबांनी सांगून ठेवलं होतं, चेहरा झाकायच्या आधी होंगदलला दाखवा. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाही."

"मी त्यांना घेऊन येते. थांबा आमच्यासाठी."

"दोनची वेळ आहे, ताई. माझ्या हातात असतं तर..."

उल्सान तीन तासांच्या वाटेवर. मिरानने दुकानाचं दार ओढलं आणि व्हॅन होंगदलच्या गावाकडे पळवली.

वाटेत तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली, ती मी लपवणार नाही, कारण तिनेही लपवली नाही. होंगदलला कुठे काय कळणार होतं? "कालचा खोटाच होता काका, खरा आज आला," एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. दोस्ताचा चेहराही दिसला असता आणि तिचा शब्दही राहिला असता. अकरा गावांतली चारशे म्हातारी माणसं त्या शब्दावर निश्चिंत झोपत होती. तो शब्द फुटला तर उद्या प्रत्येक जण आपल्या मनाने बोट ठेवणार, आणि चोरांची दिवाळी.

चावडीत पत्त्यांचा डाव रंगलेला. होंगदल जिंकत होता. मिरान बूट न काढता दारातच उभी राहिली.

"काका, इल्होकाका गेले. कालचा मेसेज खरा होता. मी न वाचता पुसला. त्यांच्या मुलाचा नंबरही मीच बंद केला, म्हणून त्याचे फोन तुम्हाला आले नाहीत. दोन वाजता पेटी बंद करणार आहेत. चला."

मग जोमसुन म्हातारी, जिच्या जिभेला सगळी चावडी भिते, ती म्हणाली, "म्हणजे तूही चुकतेस."

"चुकते, मावशी."

"मग आता आम्ही कुणाला विचारायचं?"

होंगदलने हातातले पत्ते उलटे करून नीट खाली ठेवले. "दोन वाजता?" एवढंच त्याने विचारलं. उठला, उंबऱ्याशी जाऊन बुटांत पाय घालू लागला तर डावा उजव्यात जाईना. जोमसुनने गुडघे धरत खाली बसून त्याचे बूट सरळ केले. देसिकच्या वडिलांचा काळा कोट खुंटीला होता, तोही तिनेच काढून त्याच्या अंगावर चढवला. कोट लांब होता.

"जा," ती म्हणाली. "आणि तू गं, गाडी नीट चालव. एका दिवसात दोन मयतं नकोत."

गाडी हमरस्त्याला लागली. मग मिरानला राहवेना.

"काका, मला शिव्या तरी घाला."

"रस्त्याकडे बघ."

"मी म्हटलं होतं ठणठणीत आहे म्हणून."

"म्हटलंस खरं." तो खिडकीकडे वळला. "काल मी खूश होतो गं. अख्खा बाजारभर खूश होतो. तिकडे तो पडलेला, आणि मी इकडे दारू पीत होतो."

मिरानने पाय आणखी दाबला. मासान शहराच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं आणि गाड्यांची रांग लागली. एक वाजून दहा मिनिटं. तिने बंद केलेला नंबर निघतानाच पुन्हा चालू केला होता. होंगदलने फोन दोन्ही हातांनी धरला आणि तिने मानसूला लावून दिला.

"अर्धा तास थोपवतो," मानसू म्हणाला. "त्याहून जास्त नाही जमायचं. मागे दुसऱ्यांचं मयत थांबलंय."

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी व्हॅन अंत्यविधीगृहाच्या दारात लागली, तीही भलत्याच जागी. पहारेकरी ओरडत होता आणि मिरान त्याला वाकून वाकून माफी मागत होती. लांब कोटातला होंगदल तोवर मानसूचा हात धरून जिना उतरून गेला होता. ती मागे धावली, पण दाराशी थबकली. आत घरचीच माणसं होती. तिला फक्त होंगदलची पाठ दिसली. तो खाली वाकला आणि रोज बोलतो त्याच आवाजात म्हणाला:

"तुझा फोन लागत नव्हता रे. म्हणून मीच आलो."

मग आतून रडणं ऐकू आलं. मिरान भिंतीला टेकली.

वर जेवणाच्या खोलीत लाल तिखट रस्सा आणि भात आला. मानसू, बाहीवर सुतकाची पट्टी, त्यांच्यासमोर येऊन बसला. "काका, काल फोन का लागत नव्हता हो?"

"चार्जिंग संपलं होतं," होंगदल लगेच म्हणाला. आयुष्यात त्याला एवढ्या चटकन खोटं बोलताना कुणी ऐकलं नसेल.

मिरानने चमचा खाली ठेवला. "चार्जिंग होतं. यांनी मेसेज मला दाखवला. मी तो चोराचा समजून पुसला आणि तुमचा नंबर बंद केला. चूक माझी." आणि तिने बसल्या जागी जमिनीपर्यंत डोकं टेकवलं.

मानसू चिडला नाही. तो चिडला असता तर मिरानला सोपं गेलं असतं.

"कालपासून साठसत्तर लोकांनी फोन करून विचारलं, ताई. खरंच का, म्हणून. पहिल्या दहांचा मला इतका राग आला! बाप गेलाय, आणि मी पुरावा देत बसलोय. हो, खरंच गेले. हो, माझेच वडील. पण एक सांगू? ज्यांनी नुसता मेसेज पाहिला, त्यांनी मयताला द्यायचे रिवाजाचे पैसे पाठवले आणि मोकळे झाले. ज्यांनी विचारायला फोन केला, ते विचारून झाल्यावर ठेवीनातच. कुणी रडलं, कुणी बाबांची गोष्ट सांगितली. बाबा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत गायचे म्हणे. मला काल कळलं. मी त्यांचा मुलगा, मला काल कळलं."

मिरानचा नियम बदलला तो त्या वाक्यावर. आता ती चावडीत पुसा म्हणत नाही. निळ्या ओळीला हात लावू नका, पण पुसूही नका, म्हणते. मेसेजमधल्या नंबरावर नाही, आपल्या वहीतल्या नंबरावर फोन करा आणि तोंडाने विचारा. चोर असला तर तिथेच उघडा पडतो. खरा निरोप असला, तर त्या माणसाला त्या दिवशी एक माणूस जास्त भेटतं. पहिल्या सभेत जोमसुन म्हातारीने खोचून विचारलं, "आणि तू स्वतः वाचणार ना आता?" मिरान म्हणाली, "मोठ्याने वाचणार, मावशी. तुमच्यासमोर." तेव्हापासून ती वाचते. त्यामुळे दुकानात रांग लांबते, पण कुणी उठून जात नाही. जी बाई आपली चूक चारचौघांत सांगते, तिच्याकडे फोन द्यायला लोकांना उलट कमी भीती वाटते, हे आमच्या गावांनी दाखवून दिलं. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं, फक्त तिच्या तोंडावर करायची सोय नाही.

त्या दिवशी मात्र तिला हे काही ठाऊक नव्हतं. होंगदलने रस्सा संपवला, तोंड पुसलं, आणि काळ्या कोटाच्या खिशातून आपला फोन काढून तिच्यापुढे सरकवला. ती बघतच राहिली. हा फोन आता पुन्हा आपल्या हातात येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"मानसूचा नंबर नाव घालून ठेव," तो म्हणाला.

तिने एकेक आकडा मोठ्याने म्हणत नंबर घातला. मानसूने मान हलवली. यादीत त्याच्या वरच इल्होचं नाव होतं. मेलेल्या माणसाचा नंबर काही महिन्यांत भलत्याच कुणाला मिळतो, आणि त्या नावावर भलतेच मेसेज येऊ लागतात. असे नंबर मिरान दिसताक्षणी पुसते, घरच्यांनाही विचारत नाही. तिचा अंगठा सवयीने त्या नावावर गेला.

"तो पुसू नकोस."

"काका, त्यावर आता कुणी उचलणार नाही."

"माहीत आहे," होंगदल म्हणाला. "राहू दे."

मिरानने अंगठा उचलला आणि फोन दोन्ही हातांनी त्याला परत दिला.